रागीचा अर्धवट अर्ज

मला कुत्र्यांची भीती वाटते. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण घरात सांगायला लग्नानंतरची सगळी वर्षं मला पुरली नाहीत.

याला कारण माझी सासुरवाडी. मी उपेंद्र, मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी बेंगळुरूत आलो आणि भव्याशी लग्न केलं. तिचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच आणि कुलदैवत खंडोबा, म्हणजे कुत्रा हा थेट देवाच्या परिवारातला. तिच्या माहेरी सणाला पहिलं पान कुत्र्याचं वाढतात, दुसरं जावयाचं. (मी तिथे खुर्चीवर मांडी घालून जेवतो. सासरे मल्हारराव समजतात, पुण्याकडची रीत असेल.)

त्यात आमच्या केतकीने वाढदिवसाला कुत्रा मागितला. भव्याने भटक्या कुत्र्यांच्या एका निवाऱ्याचा ऑनलाइन अर्ज शोधला आणि तो भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण केतकीच्या मते बाबा या विषयातला एक्स्पर्ट. बाबाने लहानपणी गल्लीतली सगळी कुत्री एकट्याने पळवली होती, हे तिने माझ्याच तोंडून ऐकलं होतं. (पळापळ झाली होती हे खरं. पुढे मी होतो, एवढाच तपशील मी गाळला.)

अर्ज लांबलचक होता. बाल्कनीला जाळी आहे का, दिवसा घरी कोण असतं, घरातली दुसरी मोठी व्यक्ती कोण, तिचा मोबाइल नंबर काय, हे सगळं मी पटापट भरलं. मग प्रश्न आला, 'घरात कोणाला कुत्र्यांची भीती वाटते का? असल्यास सविस्तर लिहा.' हो लिहावं तर सासरी तोंड दाखवायला जागा नाही, नाही लिहावं तर कुत्रा घरात. तेवढ्यात खाली एक बटण दिसलं: 'इथपर्यंतचं सेव्ह करा, उरलेलं नंतर भरा.' ते बनवणाऱ्याला मी मनोमन साष्टांग नमस्कार घातला आणि बटण दाबलं.

पुढे माझं बरं चाललं होतं. केतकी रोज विचारायची, मी रोज अर्ज उघडायचो, त्या प्रश्नापुढे काहीतरी लिहायचो आणि सेव्ह करायचो. एकदा 'नाही' लिहिलं, मग 'विशेष नाही', मग 'कुत्र्याच्या आकारावर आहे'. एकदा तर 'भीती म्हणता येणार नाही, आदर आहे' असंही लिहून पाहिलं. अशा रीतीने केतकीची दहावी होईपर्यंत वेळ काढायचा माझा बेत होता.

एके दिवशी निवाऱ्यातून कल्पना नावाच्या बाईंचा फोन आला. माझा अर्धवट अर्ज त्यांना तिकडे दिसत होता आणि तो मी रोज उघडतो हेही दिसत होतं. (हे त्या बटणावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.) इतक्या तळमळीने अर्ज भरणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. अर्जाचं सावकाश होऊ दे, रविवारी एक कुत्री घेऊनच येते, थोडे दिवस ठेवून बघा, असं त्या म्हणाल्या. मी 'हो हो, या' म्हणालो, कारण भव्या समोरच उभी होती.

रविवारी सकाळी मल्हारराव यशवंतपूरच्या त्यांच्या घरून भंडाऱ्याची पुडी घेऊन हजर झाले. पाठोपाठ कल्पनाबाई आल्या. त्यांनी अगदी हळू आवाजात माझी विचारपूस केली, माझ्याकडे फार रोखून न बघता. त्यांच्या मागून कुत्री आली, नाचणीच्या रंगाची, म्हणून नाव रागी.

"यजमानानंच भंडारा लावायचा," मल्हारराव म्हणाले. "स्वल्प फुडं या, जावईबापू. देवाचं जनावर हाय."

मी चिमटीत भंडारा घेतला आणि हात लांब केला. रागीने एक पाऊल पुढे टाकलं. त्यानंतरचं मला आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी सोफ्याच्या पाठीवर उभा होतो आणि भंडारा पंख्यावर होता. रागी सोफ्याखाली थरथरत होती.

केतकी माझ्याकडे बघत होती. "बाबा, तुला भीती वाटते?"

"हो," मी वरूनच म्हणालो. "लहानपणापासून."

"मग ती गल्लीतली कुत्री?"

"पुढे मी होतो."

मुलीच्या नजरेतून आपण आत्ता उतरणार, या भीतीपुढे कुत्र्याची भीती काहीच नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. केतकीने जरा विचार केला. मग ती सोफ्याखाली वाकली आणि म्हणाली, "रागी, बाहेर ये. बाबापण घाबरलाय." रागीचं नाक बाहेर आलं. मल्हाररावांनी पुडीतली पुढची चिमूट आधी माझ्या कपाळाला लावली.

मी भव्याला म्हणालो, आता तो अर्ज खरा खरा भरून टाकतो.

"अर्ज मी कालच भरला," ती म्हणाली. दुसरी मोठी व्यक्ती म्हणून तिच्या मोबाइलवर रोज लिंक जात होती, आणि माझं एकेक उत्तर ती रोज चहाबरोबर वाचत होती. तिने फोन माझ्यापुढे धरला. कल्पनाबाई मघापासून माझ्याशी इतक्या हळू का बोलत होत्या, ते मला तेव्हा कळलं. त्या प्रश्नापुढे भव्याने लिहिलं होतं:

'हो, आमच्या यांना. पण ते कोणाला चावत नाहीत. थोडा वेळ द्या, माणसाळतील.'