माघारी आलेली कोंबडी

रंगाआप्पा कुणाच्याही घरी गेले की माणसांची तोंडं नंतर बघतात, आधी दारातल्या चपला बघतात. चपला कुठे काढल्यात यावरून त्या घरात कुणाचं कसं चाललंय हे त्यांना कळतं म्हणे. "सासूच्या मधोमध आनि सुनंच्या कडंला, इथवर ठीक हाय," ते सांगतात. "पर सुनंच्या चपला उंबऱ्याभाईर दिसल्या तर त्या घरात दुसरी पोरगी दिऊ नये." आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थबकले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, तुझ्या चपला समद्यांच्या वर पडल्यात. बरं चाललंय म्हणायचं." शोभा तेव्हापासून त्यांना फार मानते. मी मात्र माझ्या घरात चपला जपून काढतो.

आप्पा आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. पलूसच्या आसपास त्यांना सगळे ओळखतात, कारण निम्म्या तालुक्याच्या सोयरिकी त्यांनी जमवल्यात. मुलगा काय करतो, ऊस किती जातो, हे विचारायला बाकीचे लोक आहेत. आप्पा फक्त मुलगी तिथे टिकेल का ते बघतात. सगळं बघून झालं की डोळे मिटून एकच शब्द बोलतात, "नांदंल." तो शब्द आला की दोन्हीकडचे सुपारी फोडायला मोकळे. आपण दिलेली एकही पोरगी आजवर माघारी आली नाही, हे ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगतात. त्यात त्यांची स्वतःची सुमनही आली. ती पाटणला दिलेली. आप्पांची बायको लेकीच्या लग्नाआधीच गेली, त्यामुळे आता घरात ते एकटेच.

आमच्या परसात गावरान कोंबड्या आहेत, पाच माद्या आणि एक कोंबडा. कोंबडा नावाला आहे. कारभार एका ठिपक्यांच्या कोंबडीकडे, तिला शोभा वैनी म्हणते. वैनीचं पोट भरल्याशिवाय कुणी दाण्याला चोच लावत नाही. सगळं सुरळीत चाललेलं असताना मी बाजारातून दोन तलंगा आणल्या. तलंग म्हणजे वयात आलेली पण अजून अंडी न घालणारी पोर. एक तांबडी, एक पांढरी. आणल्या आणि सरळ परसात सोडल्या.

पुढचं मला सांगवत नाही. वैनी पंख पसरून धावली, तिच्यामागे बाकीच्या चार. तांबडी भिंतीवर चढली, पांढरी धुण्याच्या दगडामागे शिरली आणि मी मध्ये पडलो तर माझीच नडगी फुटली. तेवढ्यात भिंतीवरून आप्पांचं डोकं वर आलं.

"दत्ता, आरं असं कुनी सून घरात आनतंय व्हय?"

मी म्हटलं, "आप्पा, कोंबड्या आहेत."

"मग काय झालं? ती बी परक्या घरात आलीया. ना वळख, ना पाळख. सर बाजूला."

त्या दिवसापासून आमचं परस त्यांच्या ताब्यात गेलं. त्यांनी दोन्ही तलंगा मोठ्या डालग्याखाली ठेवल्या आणि डालगं परसाच्या मधोमध मांडलं. बांबूच्या फटीतून त्या ह्यांना बघणार, ह्या त्यांना बघणार, पण चोच कुणाची कुणाला लागणार नाही. ह्याला ते बघाबघीचा कार्यक्रम म्हणायचे. दाणे डालग्याच्या आत आणि बाहेर एकाच वेळी टाकायचे. "एका पंगतीला बसल्यागत वाटाय पायजे," असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी चहाला यायचे आणि कपातलं थंड होईपर्यंत डालग्यापुढे उकिडवे बसून राहायचे. आल्या आल्या पहिला प्रश्न एकच असायचा, "खाल्लं का दोघींनी?"

अधूनमधून त्यांचा फोन वाजायचा. खिशातून काढून लांब धरून नाव वाचायचे आणि परत ठेवून द्यायचे. "सुमीचा हाय. बोलीन मागनं."

डालगं उचलायचा दिवस आप्पांनीच ठरवला. त्यांनी आंघोळ करून टोपी घातलेली होती. शोभा दारात उभी, मी हातात काठी घेऊन. डालगं वर गेलं आणि वैनी आली. तांबडी मागे हटली नाही. दोघी समोरासमोर उड्या मारून भिडल्या, पिसं उडाली, थोड्या वेळाने तांबडीने मान खाली घातली आणि वैनीने तिला सोडलं. आप्पांनी डोळे मिटले. "नांदंल," ते म्हणाले.

पांढरीचं तसं झालं नाही. ती भिडतही नव्हती आणि मानही घालत नव्हती, नुसती पळायची, त्यामुळे सगळ्याच तिच्यामागे लागायच्या. नुकतीच मान घातलेली तांबडी तर सगळ्यांच्या पुढे. पांढरी दाण्याजवळ आली की हुसकायच्या, पाण्याजवळ आली की हुसकायच्या. शेवटी ती धुण्याच्या दगडामागे जाऊन बसायची. दिवसेंदिवस ती हलकी होत चालली होती. एका सकाळी तिच्या तुऱ्यातून रक्त येताना दिसलं.

शोभा म्हणाली, "आवं आप्पा, काढा तिला. मारून टाकतील."

"आता काढली तर कायमची गेली," आप्पा म्हणाले. "एकदा भाईर काढलेली परत आत घेत न्हाईत कुनी. दम धराय पायजे. नांदंल."

पण ह्या वेळी त्यांनी डोळे मिटले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते भलत्याच उत्साहात आले आणि शोभाकडे हळद मागितली. थोडी नव्हे, बरणी. सांगलीहून आणलेली आमची वर्षाची हळद.

"लग्नात हळद लागली की करवली कोन नि मावळन कोन, वळखू येतंय का?" ते म्हणाले. "समदी पिवळी. कोन नवं नि कोन जुनं, कायबी उरत न्हाई. तसंच करायचं."

ऐकताना मला ते पटलं, हे मी कबूल करतो. आम्ही परातीत हळद कालवली. शोभाने एकेक कोंबडी धरायची, मी पंख दाबायचे आणि आप्पांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत हळद लावायची, तीही तोंडाने काहीतरी मंगलाष्टकासारखं पुटपुटत. वैनीला लावली, तांबडीला लावली, पांढरीला लावली, कोंबड्यालाही सोडलं नाही. सगळं परस पिवळं झालं. आम्ही तिघे पिवळे झालो. मग आप्पांनी सगळ्यांना एकदम मोकळं केलं.

नवं-जुनं खरंच काही उरलं नाही. वैनीला तिच्या मैत्रिणी ओळखू येईनात आणि मैत्रिणींना वैनी. इतकी वर्षं एका दांडीवर झोपणाऱ्या कोंबड्या एकमेकींच्या उरावर बसल्या. परसात नुसती पिवळी धुमश्चक्री. ज्या कोंबड्याने जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, त्याने जाऊन आप्पांच्या धोतराला चोच मारली. शोभा बादलीभर पाणी घेऊन धावली आणि तिने ते सगळ्यांवर ओतलं, आमच्यावरही.

भिजल्यावर जरा शांत झाल्या. दुपारपर्यंत वैनीने आपली जागा परत मिळवली, तांबडीने आपली. पांढरी पुन्हा दगडामागे. फरक एवढाच की आता ती पिवळी होती. आप्पा पायरीवर बसून तिच्याकडे बघत होते. टोपी मांडीवर, कपाळाला हळद. मला हसू येत होतं, पण त्यांचं तोंड बघून मी परात विसळायला घेतली.

फोन वाजला. ह्या वेळी त्यांनी उचलला.

"व्हय बाळा," ते म्हणाले. मग बराच वेळ नुसतं ऐकलं. "जेवलीस का?" पुन्हा ऐकलं. "आगं मग समद्यांचं झाल्यावर तरी... काय उरतच न्हाई म्हंजी? कालबी न्हाई?" नंतर त्यांचा आवाज खाली गेला. "दम धर जरा. व्हईल. नांद..."

शब्द तिथेच तुटला. कारण पांढरी तेवढ्यात दगडामागून बाहेर आली होती. पायरीजवळ एक ज्वारीचा दाणा पडला होता, तो तिने बघितला होता. मान लांब करून ती एकेक पाऊल टाकत आली. चोच खाली नेली आणि मागून वैनीने तिच्या डोक्यावर घाव घातला. पिवळ्या पिसांवर रक्ताचा ओघळ आला. ती पळाली नाही. होती तिथेच खाली बसली.

आप्पा उठले. काठी नाही, हुसकावणं नाही, सरळ त्या कोंबड्यांतून चालत गेले आणि पांढरीला उचलून काखेत घेतलं. फोन अजून हातात चालूच होता. त्यात ते म्हणाले, "सुमे, पिशवी भरून ठेव. उद्या येतो मी." आणि मला म्हणाले, "हिला मी न्हेतो."

सकाळी ते आमच्या दारात आले. आंघोळ करून, टोपी घालून. पांढरी त्यांच्या स्वयंपाकघरात डालग्याखाली होती, तिला दाणापाणी बघायला सांगितलं.

"पाटणला निघालात?" मी विचारलं.

"व्हय." ते आमच्या दारातल्या चपलांकडे बघत उभे राहिले. "दत्ता, दिवाळीला गेलतो म्या तिच्याकडं. समद्यांच्या चपला सोप्यात. तिच्या भाईर, गोठ्याच्या कडंला. म्या बघितलं रं. बघितलं आनि लाडू खाऊन माघारी आलो. म्हटलं, लोक काय म्हनतील. रंगाआप्पाचीच पोरगी."

शोभाने आतून भाकरी बांधून आणून दिली. ती पिशवीत टाकून ते एसटीला गेले.

तो दिवस जाता जाईना. पाटण काही जवळ नाही, कऱ्हाडला गाडी बदलावी लागते. तिकडे काय होईल, पाठवतील का, भांडणं होतील का, म्हणत शोभा दर थोड्या वेळाने भिंतीवरून डोकावायची. दिवे लागले तेव्हा पलीकडे कडी वाजली. आम्ही दोघंही गेलो.

मी दारात थांबलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आधी चपला बघितल्या. उंबऱ्याच्या आत, अगदी मधोमध, सुमनच्या चपला नीट जोडीने मांडून ठेवल्या होत्या. आप्पांच्या स्वतःच्या वहाणा बाहेर अंगणात एक इकडे, एक तिकडे पडल्या होत्या.

आत सुमन जेवत होती. शेजारी डालगं उघडं ठेवलेलं आणि पांढरी तिच्या ताटाजवळचे भाकरीचे तुकडे टिपत होती. आप्पा समोर उकिडवे बसून दोघींकडे बघत होते.

"गावात सांग दत्ता," ते मान न वळवता म्हणाले. "रंगाआप्पाची एक आली माघारी." आणि त्यांनी सुमनच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.