खंडाळ्याचा भाऊ

ज्ञानूअण्णा जमदाड्यांच्या वहीत चार महिने एकच वाक्य होतं. ‘म्हाताऱ्याच्या छातीत डाव्या बाजूला काहीतरी हललं.’ काय हललं ते म्हाताऱ्याला माहीत नव्हतं आणि अण्णांनाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते वहीपुढे बसत, ‘काहीतरी’ खोडून ‘कायतरी’ करत आणि जेवणवेळेला पुन्हा ‘काहीतरी’ करून उठत. खोडरबरानं तिथं कागदाला भोक पडायची वेळ आली होती.

अण्णा पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. राहायला तासगावात. सांगलीच्या एका दिवाळी अंकात त्यांची कथा बावीस वर्षं सलग छापून येत होती. लोकांना वाटायचं, अण्णा एकटेच लिहितात. खरं म्हणजे कथा ते आधी चुलीपुढं बसून तोंडानं सांगायचे, बनुबाई भाकरी थापता थापता ऐकायची, आणि मग कथा कागदावर उतरायची. बनुबाईला लिहिता येत होतं ते सहीपुरतं. पण हुंकार द्यावा तर तिनंच. ‘हं’, ‘बरं, मग?’ आणि ‘आगं बया!’ एवढ्या भांडवलावर तिनं बावीस कथा तडीस नेल्या होत्या. कथा फसली की ती तव्याकडं बघत गप्प राहायची. अण्णांना तेवढी टीका पुरे व्हायची. आणि शेवट करून अण्णा स्वतःवर खूश होऊन भिंतीला टेकले की ती हमखास विचारायची, “समदं खरं. पर त्या शेळीचं काय झालं?” शेळीला अण्णा तिसऱ्या पानावर बांधून विसरलेले असायचे.

दीड वर्षापूर्वी बनुबाई गेली. मागच्या दिवाळीला अण्णांनी ट्रंकेतली एक जुनी कथा काढून दिली. यंदा ट्रंकेत स्वेटरशिवाय काही नव्हतं. त्यात संपादक ऋषिराजचा फोन आला.

“अण्णा, गणपती उठले. कथा कुठाय?”

“हलतीया. म्हंजे... हललीया.”

“सोमवारपर्यंत थांबतो. नाहीतर तुमच्या पानांवर बेदाण्याच्या शेडची जाहिरात टाकावी लागेल. राग मानू नका.”

अण्णांना राग आला नाही, भीती वाटली. कथा थांबली तर बनुबाई आता पुरती गेली, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. म्हणून ते हुंकार द्यायला माणूस शोधू लागले. शेजारच्या साळूबाईला त्यांनी पहिलं वाक्य ऐकवलं, तर ती म्हणाली, “हललं म्हंजे ग्यास! आमच्या धाकट्या जावंला आस्संच,” आणि पुढं पाऊण तास अण्णांनाच हुंकार द्यावे लागले. पुण्यातल्या मुलाला, विश्वजीतला, फोन लावला. तो दर दोन वाक्यांनी “हां आण्णा” म्हणायचा. पण अण्णा बोलायचे थांबले तरी म्हणत राहिला. शेवटी अण्णांनी मोबाईलमध्ये स्वतःचाच आवाज भरून ऐकला. स्वतःलाच “मग?” म्हणून बघितलं. ते ऐकून त्यांना इतकं एकटं वाटलं की त्यांनी मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवून दिला.

दर तीन महिन्यांनी ते रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला एसटीनं मिरजेला जात. त्या शुक्रवारी दवाखान्यात नेहमीचे डॉक्टर नव्हते. खुर्चीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, डॉ. प्रियदर्शनी, साताऱ्याच्या, नुकत्याच लागलेल्या.

“काय होतंय, आजोबा?”

चार महिने डोक्यात एकच वाक्य घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या तोंडून दुसरं काय येणार!

“छातीत डाव्या बाजूला कायतरी हलतंय.”

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. “बरं. मग?”

अण्णांच्या अंगावर काटा आला. बनुबाईचाच सूर. तिच्यासारखीच मान किंचित वाकडी.

“मग... जेवाय बसलं की हलतंय. एक ताट घेतलं की हलतंय, आन् दोन ताटं मांडली की थांबतंय.”

“दुसरं ताट कुणाचं?”

“बायकूचं. ती आता न्हाई.”

“हं.” बाईंचं पेन क्षणभर थांबलं. “मग?”

आता मागं फिरणं अण्णांच्या हातात राहिलं नाही. “मग म्हाताऱ्याला, म्हंजे मला, भावाची आठवण झाली. तात्याबा. सातारकडच्या खंडाळ्यात ऱ्हातोय. तेरा वर्सं बोलणं न्हाई.”

“का हो?”

“त्याच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत माझं नाव बारीक अक्षरात छापलं. आन् व्याह्याच्या मेव्हण्याचं ठळक.”

“अरेरे!” डॉक्टरीणबाई मनापासून म्हणाल्या. त्यांच्याही घरात पत्रिकेवरून कुणीतरी रुसलेलं असणार. साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, असं घर शोधून सापडायचं नाही. त्यांनी दोन पानं भरून लिहून घेतलं आणि छातीचा आलेख काढला. वयाप्रमाणे त्यात थोडं इकडंतिकडं होतंच.

“आजोबा, दोन दिवस ॲडमिट होऊया. काळजीचं नाही, पण लक्ष ठेवायला हवं.”

खरं सांगायची हीच वेळ होती. अण्णांनी तोंडही उघडलं. पण बाई पुढं म्हणाल्या, “राहिलेलं मी वॉर्डात येऊन ऐकते,” आणि अण्णा मुकाट्यानं दाखवलेल्या खाटेवर जाऊन पडले.

पुढचे दोन दिवस अण्णांना दवाखान्यात असूनही फार बरे गेले. डॉक्टरीणबाई सकाळ-संध्याकाळ येत, नाडी धरत आणि विचारत, “मग?” अण्णा एका वेळेला थोडं थोडं सांगत, बाई केसपेपरावर लिहून घेत. म्हाताऱ्यानं धोतर धुतलं, म्हैस गोठ्यात बांधली, खंडाळ्याच्या एसटीत खिडकी धरली. शेजारच्या खाटेवरचा माणूस सलाईनचा हात सांभाळून कुशीवर वळायचा. फरशी पुसणाऱ्या बाईनं तर अण्णांच्या खाटेखालची एकच फरशी तीनदा पुसली. शनिवारी संध्याकाळी म्हातारा भावाच्या दारापर्यंत पोचला. त्यानं कडी धरली. आणि अण्णांची गाडी तिथंच अडली.

“मग?” बाईंनी विचारलं.

“पुढचं न्हाई सांगता येत.” हे मात्र अगदी खरं होतं.

अण्णांचे डोळे भरलेले बघून बाईंना वाटलं, खरी गाठ सापडली. या माणसाचं दुखणं औषधानं जाणारं नाही. त्यांनी केसपेपरावरचा मुलाचा नंबर लावला.

“विश्वजीत बोलताय का? वडिलांना त्यांच्या भावाला भेटायचंय. तात्याबांना. खंडाळ्याच्या.”

विश्वजीतला घाम फुटला. आपले वडील एकुलते एक, असं तो पस्तीस वर्षं समजत होता. त्यानं साळूबाईला फोन करून विचारलं. साळूबाईला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं, म्हणून ती ठामपणे म्हणाली, “आसंल की! तुजा बा लय आतल्या गाठीचा.” झालं. रविवारी पहाटे उठून विश्वजीतनं गाडी काढली. पुण्याहून येताना खंडाळा वाटेवरच. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यानं चौकशी केली, “इथं तात्याबा म्हणून कोण आहेत का? भाऊ तासगावला असतो, तेरा वर्षं बोलत नाहीत.”

बाकावर बशीतला चहा फुंकणारा एक म्हातारा उठून उभा राहिला.

“मीच तात्याबा. थोरला भाऊ रुसून सांगलीकडंच गेलाय. तेरा का तीस, कोण मोजतंय!”

“आडनाव जमदाडे?”

“न्हाई. पर रागाच्या भरात त्यानं आडनाव बदललं आसंल. लय तापट. चल गड्या, बशीव गाडीत.”

तर रविवारी दुपारी मिरजेच्या त्या वॉर्डात डॉ. प्रियदर्शनी पुढे, मागून विश्वजीत, आणि त्याच्या मागून टोपी सारखी करत तात्याबा, अशी वरात आली. सगळा वॉर्ड उठून बसला. अण्णांनी आपल्या कथेतलं पात्र समोरून चालत येताना बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या छातीत डाव्या बाजूला खरोखर काहीतरी हललं.

तात्याबांनी जवळ जाऊन अण्णांचं तोंड निरखलं. हनुवटी धरून उजेडाकडं वळवली.

“ह्यो न्हवं,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पार उतरला.

मग अण्णांना सगळं सांगावंच लागलं. वही, ते एक वाक्य, जाहिरात, सगळं. विश्वजीतनं कपाळाला हात लावला. “आण्णा, तुमी गोष्ट सांगत होता? डॉक्टरला?”

“तिनं ‘मग?’ म्हणलं रं,” अण्णा खाली मान घालून म्हणाले. “दीड वर्सात कुणी म्हणलं न्हाई.”

डॉक्टरीणबाई चिडल्या होत्या. ही केस त्या सोमवारी मोठ्या डॉक्टरांपुढे मांडणार होत्या. त्या अण्णांना चांगलं खडसावणार, इतक्यात स्टुलावर बसलेले तात्याबा म्हणाले,

“ते ऱ्हाऊ द्या. त्यानं कडी वाजवली, मग? भावानं दार उघडलं का न्हाई?”

“मला ठावं न्हाई,” अण्णा म्हणाले. “तितंच आडलोय.”

“मला ठावं हाय.” तात्याबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “दार उगडंच हाय. तीस वर्सं झाली, कडीच लावली न्हाई. तो येईल आन् माघारी जाईल म्हणून.”

डॉक्टरीणबाईंनी खिशातून पेन काढलं, केसपेपर उलटा केला आणि तात्याबा बोलले तसं लिहून घेतलं. मग ती चार पानं झेरॉक्स करून त्यांनी अण्णांच्या हातात दिली. “गोळ्या वेळेवर घ्या. आणि पुन्हा गोष्ट सांगायची असेल तर आधी तसं म्हणा. मी हॉस्टेलवर एकटीच असते, ऐकेन.”

विश्वजीतनं दोन्ही म्हाताऱ्यांना गाडीत घातलं. तात्याबांना दुसऱ्या दिवशी जाताना खंडाळ्यात उतरवायचं ठरलं. मागच्या सीटवर ते टेकले आणि घोरू लागले. विश्वजीत मात्र घुश्शातच होता. सांगली मागं पडली, कवलापूर मागं पडलं, तरी तो बोलेना. अण्णा खिडकीतून द्राक्षबागा बघत बसले. पोराची सुट्टी गेली, इज्जत गेली. आता हा दिवाळीलाही यायचा नाही, असं त्यांना वाटत होतं.

घरी पोचल्यावर अण्णांनी भात टाकला, पिठलं केलं आणि तीन ताटं मांडली. दीड वर्षात ताटांना एवढी जागा लागली नव्हती. जेवता जेवता त्यांनी चार पानं वाचायला घेतली. कुणासाठी म्हणून नाही, सोमवारी द्यायची होती म्हणून. तात्याबांना आपलंच वाक्य आलं तेव्हा ठसका लागला. विश्वजीत ताटात बघत जेवत होता. ऐकतोय की नाही, कळत नव्हतं. पानं संपली तिथून पुढचं अण्णांनी तोंडानंच सांगितलं. म्हातारा भावाच्या उघड्या दारातून आत गेला, भावजयीनं दोन ताटं मांडली, छातीतलं हलायचं थांबलं. कथा संपली. अण्णा पानं जुळवून भिंतीला टेकले.

विश्वजीतनं हात धुतले. टॉवेलला पुसत तो अण्णांकडं वळला.

“समदं खरं, आण्णा,” तो म्हणाला. “पर त्या म्हशीचं काय झालं? सकाळपासनं गोठ्यात बांधलीया. तिला पाणी कुणी पाजलं?”

अण्णांनी मान वर करून पोराकडं बघितलं. त्याची मान किंचित वाकडी होती.

“बस खाली,” अण्णा म्हणाले, आणि पेन शोधायला लागले.