काविळीची उमेदवारी

हे गावाबाहेर सांगायचं नाही असं ठरलंय, तरी सांगते. कुरणवाडीच्या ग्रामपंचायतीत कावीळ एका जागेसाठी उभी राहिली होती. अर्ज नियमात होता. दर दहा घरांमागे एका घरात जो राहतो, त्याला आमच्याकडे जागा मिळते. तिला पाणीपुरवठा समिती हवी होती.

ग्रामसेवक टेकाळे भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि गावच्या आशा कार्यकर्त्या द्वारकाताईंना बोलावलं. गावात तीनशे घरं, म्हणजे तीस घरांत कावीळ निघायला हवी. द्वारकाताईंच्या वहीत चारच होती. त्यांना हायसं वाटलं. गावचं पाणी काविळीच्या हाती गेलं असतं, तर निस्तरायला त्याच होत्या.

"चार?" समोरच्या खुर्चीतून कावीळ म्हणाली. "ताई, मी चाळीस घरांत राहते. तुम्ही उंबऱ्यावरून विचारता, लोक उंबऱ्यावरूनच खोटं सांगतात."

यात तथ्य होतं. कुरणवाडीत कावीळ झाली की कुणी सांगत नाही. घरात लग्नाची मुलगी असली तर मुळीच नाही. ऊन लागलंय म्हणतात, मळ्यातल्या बाबाकडून माळ आणतात आणि ती पदराखाली झाकतात. ताईंनाही ठाऊक होतं, पण दारावरून परतणं सोपं होतं.

फेरमोजणीला दोन महिने मिळाले. कावीळ स्वतः प्रचाराला निघाली. घरोघरी हात जोडून सांगे, की लाजू नका, तपासून घ्या, माझी नोंद करा. मागे वही घेऊन द्वारकाताई. बांदलकाकूंनी आधी दार लावून घेतलं, मग खिडकीतून म्हणाल्या, "आता तीच विचारतेय तर नाही कसं म्हणू? लिही बाई. आम्ही तिघं."

आठवड्यात आकडा त्रेचाळीस घरांवर गेला. काविळीने पेढे वाटले. ताईंची झोप उडाली.

पण नोंदीमागून तपासणी आली, तपासणीमागून आराम आणि उकळलेलं पाणी. ताईंनी ती घरं गावाच्या नकाशावर टिंबांनी मांडली. बहुतेक टिंबं गटाराला चिकटून गेलेल्या एकाच पाइपावर बसली. सरपंच आप्पा फावडं घेऊन निघाले. चार दिवसांत पाइप बदलला.

मोजणीला सगळं गाव चावडीसमोर ओळीने बसलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, रक्ताचे कागद वाचले. भाऊसाहेबांनी निकाल सांगितला: दोन घरं.

काविळीने निकालाचा कागद स्वतः वाचला. मग म्हणाली, "प्रचार जरा जास्तच झाला."

तिने गाव सोडल्याचा दाखला मागितला. भाऊसाहेबांनी शिक्का मारून दिला.

दोन महिने बिनतेलाचं खाल्लेल्या गावाने त्या संध्याकाळी चावडीपुढेच कढया चढवल्या. कांदाभजीचा वास एसटीच्या थांब्यापर्यंत गेला. तिथे कावीळ एकटीच उभी होती, म्हणून द्वारकाताई ताटली घेऊन गेल्या. तिने तेलकट चालत नाही म्हणून मान हलवली. ताईंनी आग्रह केला. तिने एक भजं खाल्लं, मग दुसरं, मग चटणी मागितली. गाडी आली आणि गेली, तरी तिचं लक्ष नव्हतं. मागोमाग आलेल्या बांदलकाकू तिच्याकडे निरखून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढी भूक लागली म्हणजे तू आता बरी—"

थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई, आले!