समेटाचा वाढदिवस

शेषरावांच्या हाती कार्यक्रम दिला की बिघडायची त्याची छातीच होत नाही, असं खुद्द शेषरावच सांगत. अकोल्यातल्या कापसाच्या एका जिनात ते टाइमकीपर होते. हजेरी घेणं, भोंगा वाजवायला लावणं आणि लोकांना आपलं महत्त्व पटवणं, ही त्यांची कामं. पहिल्या दोन कामांना रविवारची सुट्टी असे. तिसऱ्याला नसे.

पण महत्त्व अगदीच पोकळ नव्हतं. आदल्या वर्षी, अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत, जिनात संप झाला होता. ऐन हंगाम. कापसाच्या बैलबंड्या फाटकापासून पार नाल्यापर्यंत उभ्या. सरकी काढायच्या रेच्यांवर कापूस घालणाऱ्या बायकांची तान्ही लेकरं फाटकासमोर रस्त्यापलीकडच्या निंबाखाली झोळ्यांत असत आणि म्हातारी गोदाबाई त्यांना झोके देई. पण दुपारी लेकराला पाजायला आयांना बाहेर सोडत नसत. त्यावरून गाठी बांधायच्या प्रेसवरचा धर्मपाल पुढे झाला आणि रेचे थांबले. जिनाचे मालक शेठ त्याचं तोंड पाहीनात, धर्मपाल ऑफिसची पायरी चढेना. मधे उरले शेषराव.

शेठ म्हणत, "त्याला सांगा, जिन माझा आहे, त्याच्या बापाचा नाही."

शेषराव फाटकाशी येऊन सांगत, "शेठ म्हणून राहिले, जिन साऱ्याइचाच हाये."

धर्मपाल म्हणे, "शेठले सांगा, उपाशी मरू पण वाकणार नाही."

शेषराव ऑफिसात जाऊन सांगत, "धर्मपाल म्हणते, लेकरायच्या पोटाचा सवाल हाये, मालक."

कारलं घेऊन निघायचं आणि पोचेपर्यंत त्याचा गूळ करायचा, ही विद्या त्यांना आईच्या पोटातच आली असावी. शेवटी समेट झाला. दुपारी पूर्ण एक तास सुट्टी, आणि त्या तासात फाटक उघडं.

वर्ष होत आलं तसा शेषरावांना समेटाचा वाढदिवस करायची हुक्की आली. शेठना कल्पना आवडली. अमरावतीचे कामगार अधिकारी पाहुणे म्हणून आले तर जिनाचं नाव होणार होतं. शेठची अट एकच. "सोहळा करा, पण रेचा थांबता कामा नये."

"कायले थांबते? दुपारच्या सुट्टीत उरकून टाकू," शेषराव म्हणाले.

धर्मपालला त्यांनी सांगितलं तेव्हा तो हातातलं काम सोडून पुढे आला. "सुट्टीत? बाया लेकराले पाजतीन कवा?"

"पाच मिनिटांचं काम हाये. हार घातला की झालं. तुमच्याच जिंकल्याचा दिवस हाये ना भाऊ."

"पाच मिनिटं म्हंजे पाचच," धर्मपाल म्हणाला.

त्या दिवशी सकाळपासून शेषराव नवरदेवाच्या मामासारखे फिरत होते. पोत्यांचा मांडव झाला, आंब्याची पानं लागली, भाड्याचा लाउडस्पीकर आला. मात्र पाहुण्या साहेबांची गाडी बडनेऱ्याला अडकल्याची बातमी स्टेशनावरून आली. शेषरावांनी फाटकावरच्या जहीरला बोलावलं.

"जहीरभाई, भोंगा झाला की बाया पांगतीन. साहेब येतीन अन् मांडवात फक्त खुर्च्या दिसतीन. तवा फाटकाले कुलूप लावा, अन् हार घेऊन तुमी चौकात उभे राहा. टांगा दिसला की साहेबाले घेऊन या."

"कुलूप, भाऊ?" जहीरने विचारलं. "दुपारी?"

"अरे, साहेब येऊनच राहिले."

जहीरने कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि हार घेऊन तो फाटकातल्या छोट्या दिंडी दरवाजाने बाहेर पडला. शिस्तीचा माणूस. जाताना दिंडीलाही बाहेरून कुलूप घालून गेला.

भोंगा झाला. बायका फाटकाकडे निघाल्या आणि फाटकाशीच थांबल्या. सगळ्यांत पुढे भागीरथा होती. तिचं लेकरू जेमतेम दोन महिन्यांचं.

"शेषरावभाऊ, हे बंद काहून हाये?"

"उघडते, उघडते. साहेब आले की लगेच. तवरोक बसा मांडवात."

बायका बसल्या. साहेब येईनात. पाच मिनिटं गेली, मग पंधरा, मग पाऊण तास. भिंतीपलीकडे एक लेकरू रडायला लागलं. त्याचं ऐकून दुसरं, दुसऱ्याचं ऐकून तिसरं. गोदाबाईचा 'ओ ओ ओ' त्यात बुडून गेला. मांडवातल्या प्रत्येक बाईला आपलं लेकरू आवाजावरून ओळखू येत होतं. त्यामुळे कोणी बोलत नव्हतं. भागीरथेचं लुगडं छातीशी ओलं झालं होतं. पदर घट्ट ओढून ती फाटकाकडे बघत होती.

ती शांतता शेषरावांना सोसेना. सभा गप्प झाली की वक्त्याने बोलावं, एवढं त्यांना माहीत होतं. भाषण साहेबांसाठी राखून ठेवलेलं, म्हणून समेटाचा कागदच त्यांनी माइकसमोर धरला आणि ठणठणीत आवाजात वाचायला घेतला.

"कलम पहिले. दुपारी पूर्ण एक तास सुट्टी राहील. कलम दुसरे. सदर तासात जिनाचे फाटक कोणत्याही कारणाने बंद..."

पुढचे शब्द त्यांनी डोळ्यांनी वाचले, पण तोंड वळेना.

"बंद काय, भाऊ?" मांडवातून भागीरथेने विचारलं. "वाचा ना पुढचं."

लाउडस्पीकरमधून फक्त शेषरावांचा श्वास ऐकू येत होता. तो सगळ्या पेठेला ऐकू गेला असणार.

"केले जाणार नाही," ते पुटपुटले.

एक बाई हसली. मग कोणीच हसलं नाही. धर्मपाल उठला.

"किल्ली?"

"जहीरपाशी."

"जहीर कोठी हाये?"

"चौकात. हार घेऊन."

धर्मपालने प्रेसखात्यातून लोखंडी पहार आणली. तो फाटकाकडे निघाला आणि नेमके त्याच वेळी, लाउडस्पीकरचा आवाज अचानक का थांबला ते पाहायला, शेठ ऑफिसच्या ओट्यावर आले. त्यांना दिसलं ते असं: माइकसमोर थरथरणारे शेषराव, उभ्या राहिलेल्या सगळ्या बायका आणि पहार घेतलेला धर्मपाल. माणूस दुसरं काय समजणार?

"शेषराव, तुम्हाला मारलं काय यांनी?" शेठ ओरडले. "धर्मपाल, कुलुपाला हात लावलास तर पोलीस बोलावीन."

"बोलावा," धर्मपाल म्हणाला. "पण त्याईलेबी आत याले किल्ली लागन."

शेषरावांना मधे पडायचं होतं. पण कुणाचा निरोप कुणाला गोड करून द्यावा, हेच त्यांना उमगेना. तेवढ्यात एंजिनखात्यातल्या माणसाने, शेषरावांनीच लावलेल्या शिस्तीप्रमाणे, दुसरा भोंगा दिला. सुट्टी संपली.

रेच्यांकडे कोणी गेलं नाही. भागीरथा फाटकाला पाठ लावून खाली बसली. तिच्या शेजारी दुसरी बसली, मग सगळ्या. पुरुष प्रेसवरून येऊन त्यांच्यामागे उभे राहिले. कापसाच्या बंड्या बाहेर थांबल्या. सगळं मागच्या वर्षासारखं दिसायला लागलं.

याच वेळी टांगा आला. कुलूप निघालं, फाटक उघडलं आणि गळ्यात झेंडूचा हार घातलेले साहेब हात जोडून आत आले. त्यांच्या दोन्ही बाजूंनी बायका पळत बाहेर गेल्या. एकीनेही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"काय चाललं आहे?" साहेबांनी विचारलं.

"समेटाचा वाढदिवस," शेठ म्हणाले. पुन्हा बंद रेच्यांकडे त्यांची नजर गेली. "फाटक कुणी लावलं होतं?"

किल्ली हातात घेऊन जहीर उभा होता. त्याने शेषरावांकडे पाहिलं. त्याच्यावर ढकलणं अगदी सोपं होतं. शेषरावांच्या जिभेवर एक गोड वाक्य आलंसुद्धा. पण निंबाखाली एकेक रडणं थांबत होतं, आणि ते ऐकता ऐकता त्यांचं वाक्य विरघळून गेलं.

"म्या लावाले लावलं," ते म्हणाले. "जहीरचा काई दोष नाही."

शेठनी रागाने धोतराचा सोगा झटकला. "जा, त्यांना सांगा. आत्ता रेचे सुरू झाले नाहीत तर उद्या कुणी येऊ नका. तुम्ही तर आजच जा."

शेषराव रस्ता ओलांडून निंबाखाली गेले. तिथे आलेल्या धर्मपालने हात वर केला. "थांबा. या बखताले गोड करून सांगू नका. शेठ जे बोलले तेच सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा शेषरावांनी निरोप जसाच्या तसा दिला. स्वतःविषयीचा भागही वगळला नाही.

भागीरथेने लेकराला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं. "शेठले सांगा, आमचा तास आमाले पायजे. आतापासून पुरा. मंग येतो."

"अन् टाइमकीपर?" धर्मपालने विचारलं.

भागीरथेने शेषरावांकडे पाहिलं. "राहू द्या. भोंगा तं बराबर वाजोते."

तोही निरोप त्यांनी शब्दाला शब्द दिला. शेठ संतापले, पण साहेब बघत होते म्हणून घड्याळ काढून खुर्चीत बसले. तास दिला आणि टाइमकीपरही ठेवला. त्या तासात जिन इतका शांत होता की मांडवावरचं पान हललेलं ऐकू येत होतं.

मग साहेबांनी धर्मपालला ऑफिसात बोलावलं. धर्मपाल पायरी चढला. जुन्या कागदाखाली आणखी एक कलम लिहायचं ठरलं. साहेबांनी ते वाचून दाखवलं, आणि शेठ व धर्मपाल दोघेही एका दमात "मंजूर" म्हणाले. संपाच्या काळात एका शब्दावरून दोन दोन दिवस भांडलेली ही माणसं.

संध्याकाळी इंदूबाईंनी नवऱ्यापुढे पाण्याचा गडवा ठेवला. "कसा झाला मंग कार्यक्रम?"

"झाला," शेषराव म्हणाले. "मालक अन् कामगार, दोघाइचं पूर्ण एकमत झालं."

"अगं माय. कशावर?"

शेषरावांनी गडवा उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

"हा कार्यक्रम पुन्हा कधी करू नये, यावर."