आत्याचा भयंकर शेवट!! (खरा शेवटचा भाग)

माणसाच्या प्रगतीची पहिली पायरी म्हणजे वस्तूंना नावं देणं, आणि दुसरी म्हणजे ती चुकीची देणं. दुसरी पायरी आपण गाठली याचं श्रेय इंटरनेटवर जुन्या मालिकांचे भाग चढवणाऱ्या निनावी सेवकांचं आहे. त्यांचा सत्कार अजून कोणी केलेला नाही. (ते सापडत नाहीत. मी शोधतोय.)

माझी आत्या औषधांच्या कारखान्यात एकतीस वर्षं बाटल्यांवरची लेबलं तपासायची. एकदा एका बाटलीवर चुकीचं लेबल दिसलं, तर तिने अख्खी लाइन बंद केली. मॅनेजर ओरडत आला. आत्याने बाटली त्याच्यापुढे धरली, "घ्या, दोन चमचे." लाइन बंदच राहिली.

तिचा एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्याचं ऑपरेशन शुक्रवारी. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक दिसेल." 'बहुतेक' हे लेबल आत्याने नापास केलं, आणि मला फर्मावलं, "शुक्रवारच्या आत मला माझ्या त्या जुन्या मालिकेचा शेवटचा भाग दाखव. थोरली बहीण तुरुंगातून सुटते का नाही, ते माझ्या डोळ्याने बघायचंय."

मी इंटरनेटवर शोधायला बसलो आणि वही उघडली. सहा दिवसांच्या नोंदी अशा:

'शेवटचा भाग': पहिला भाग.

'खरा शेवटचा भाग': मधलाच कुठला तरी, चित्र आरशातल्यासारखं उलटं. सगळं खानदान डावखुरं.

'भाग ६४०, पूर्ण': अर्धा.

'बहिणीचा मृत्यू!!': बहीण भाजी चिरते. (सहा वेळा तपासलं. मरत नाही.)

'तुरुंगाचं दार उघडलं!!!': एक गृहस्थ पंखा दुरुस्त करतात. आत्याने तेही शेवटपर्यंत पाहिलं. म्हणाली, "निदान फिरला तरी."

एवढ्या अभ्यासातून दिसेल की यात गोंधळ अजिबात नाही, कडक शिस्त आहे. 'खरा' म्हणजे खोटा, 'पूर्ण' म्हणजे अर्धा, आणि उद्गारचिन्हं वाढतील तसा आतला माल घटतो. असा नियमाने चालणारा कारभार मी दुसऱ्या कुठल्याच कचेरीत पाहिलेला नाही.

शुक्रवार उजाडला. पिशवी भरलेली, गाडी खाली उभी. आत्या भिंग घेऊन पडद्यावरच्या भागांच्या यादीवर वाकलेली.

"हे काय रे? 'भाग ६५२'?"

"त्यात काही नसणार, आत्या. साधं नाव आहे."

"उघड, गाढवा."

तोच शेवटचा होता. सहा दिवस मी रोज त्याच्यावरून बोट सरकवून पुढे जात होतो, कारण बाहेर लिहिलंय तेच आत असेल अशी शंकासुद्धा मला आली नव्हती.

खाली हॉर्न वाजायला लागला. आत्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "सांग त्याला, लाइन बंद आहे."

बहीण सुटली. आत्याने डोळा पुसला, चपला घातल्या आणि निघाली.

'भाग ६५२' एकोणीस जणांनी पाहिलाय. भाजी चिरणं चार लाखांनी, त्यात सहा वेळा मी. नावं देणाऱ्याला मी हवं ते बोललो असतो, पण त्या नालायकाने आपलं गिऱ्हाईक बरोबर ओळखलंय.

आत्या ठणठणीत आहे. डोळ्याला दिसतं, शेजारणीच्या डब्यांवरची लेबलं तपासते. ही हकिकत मी आधी 'आत्याने मालिका पाहिली' या नावाने चढवली होती. महिनाभर कोणी फिरकलं नाही.

परवा नाव बदललं. आणि तुम्ही आलात.