गुठळी झालीच नाही!

"उद्या अकराला या मॅडम, अर्ध्या मिनिटात गुठळी दाखवते!" असं मी प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंना छातीठोकपणे सांगितलं. लेखी नव्हतं दिलं, हेच नशीब!

सहा महिने मी घेवड्याच्या दाण्यांतून एक लेक्टिन काढत होते. हे प्रथिन भलतं गोडघाशी! आमच्या जिवाणूंच्या अंगावर साखरेचं जाड आवरण असतं. लेक्टिन एका हाताने एकाची साखर धरतं, दुसऱ्या हाताने शेजाऱ्याची. हजारोंची अशी मोट बांधली गेली की साध्या डोळ्यांना गुठळी दिसते.

अकराला मी काचपट्टीवर जिवाणूंचा थेंब टाकला, त्यात लेक्टिनचा मिसळला. अर्धं मिनिट गेलं. पाच गेली. थेंब दुधासारखा गुळगुळीत!

"भांडलेल्या जावांसारखे लांबलांब बसलेत," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर प्रबंधातून हे प्रकरण काढ."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आधी गाठलं नळ्या धुणाऱ्या मावशींना.

"मावशी, नळ्यांत साबण राहिलाय! सहा महिने मातीत घातलेत माझे!"

"वीस वर्षं धुतेय मी," मावशी शांतपणे म्हणाल्या. "आजवर एक नळी परत आली नाही."

मग जिवाणू वाढवणाऱ्या दादावर घसरले. "आवरण कुठंय? बोडके पाठवलेस मला!"

त्याने शाईच्या थेंबात जिवाणू कालवले आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काळ्या शाईत प्रत्येकाभोवती पांढरं कडं! एकेकाने गादीएवढी रजई पांघरलेली.

"मग तुझं तापमान चुकलं! नाहीतर फ्रिज बिघडलाय! नाहीतर..."

"लेक्टिन शुद्ध कसं केलंस?" दादाने विचारलं.

"साखर लावलेल्या मण्यांवर चिकटवलं, मग साखरेचं पाणी ओतून सोडवलं. सगळे तसंच करतात!"

"आणि ती साखर नंतर काढून टाकलीस?"

लेक्टिन पातळ पिशवीत भरून पाण्यात ठेवायचं आणि पाणी बदलत बदलत साखर बाहेर झिरपू द्यायची असते. मी बाटली थेट फ्रिजात ठेवली होती! लेक्टिनचे दोन्ही हात आधीच साखरेने भरलेले. जिवाणूंना धरणार कशाने?

साखर काढली. शुक्रवारी वीस सेकंदांत गुठळी झाली. मॅडम हसल्या, दादा हसला.

मी मावशींकडे गेले. "चुकलं माझं, मावशी. रागाच्या भरात काहीही बोलले."

"गेला का राग?"

"पार गेला."

"बरं झालं," मावशींनी बाह्या वर सारल्या. "बस इथे. माझा आत्ता कुठे येतोय!"