डोक्यामागचा दिवा

भूमिगत कोळसा खाणीत उतरणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या हेल्मेटवर विषारी किंवा स्फोटक वायू जाणवताच वाजणारा भोंगा असावा, असा नियम झाला. नियम चांगला होता, त्यामुळे तो पाळला जाईल असे कोणालाच वाटले नव्हते. पण विदर्भातल्या एका खाणीने चक्क ऑर्डर दिली आणि उल्हासनगरात मुकेशशेठच्या कारखान्यात बुवापाड्याची मीना भोंगे बसवू लागली. तिचा धाकटा भाऊ विकास त्याच खाणीत कंत्राटावर लागला होता, म्हणून ती प्रत्येक भोंगा कानाशी धरून वाजवून बघायची.

भोंगे वाजू लागले. वाजले की कामगारांची अख्खी पाळी वर यायची आणि कोळसा खालीच राहायचा. तातडीने समिती नेमण्यात आली. तिने अभ्यासपूर्ण निष्कर्ष काढला: भोंगे येण्यापूर्वी वायूची एकही नोंद नाही, सबब वायू भोंग्यांमुळे होतो. भोंगा काढून मुका दिवा बसवावा; कामगार विनाकारण घाबरू नये म्हणून तो डोक्यामागे असावा.

"शेठ, डोक्यामागचा दिवा त्याला दिसणार कसा?" मीनाने विचारले.

"मागच्याला दिसेल ना! तो सांगेल."

"आणि सगळ्यात मागे असेल त्याचा?"

"तो हेल्मेट काढून बघेल."

"हेल्मेट काढलं तर दंड आहे, शेठ. सेफ्टीचा."

"मग नाय काढायचं! अगं, कस्टमर बोलतो तसा माल द्यायचा. तू कशाला डोक्याला ताप करून घेते?"

"सगळ्यात मागे माझा भाऊ असतो. नवीन आहे ना तो."

मुकेशशेठ माणूस मनाने वाईट नव्हता. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला आणि बराच विचार करून सांगितले, "त्याला बोल, जरा पुढे चालत जा."

मीनाने मागे दिवा बसवला आणि आत भोंगाही तसाच ठेवला. एके दुपारी अख्खी खाण बोंबलू लागली. पाळी धावत वर आली, विकाससुद्धा आला, आणि पाठोपाठ खाली स्फोट झाला. कोणाला खरचटलेही नाही. इथेच सगळी पंचाईत झाली. कोणी मेले नाही, सबब धोका नव्हता. धोका नव्हता, सबब भोंगा खोटा. अहवालात एवढेच आले की कोळसा थांबला आणि वीज गेली.

त्या उकाड्यात इकडे चिखलोलीला तुमचा एसी बंद पडला. तुम्ही संतापून वीज कंपनीला फोन केलात की जो कोणी जबाबदार असेल त्याला आधी घरी बसवा. आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे. मीनाला घरी बसवले आहे. भोंगे उतरवले आहेत. विकास नुकताच खाली उतरला आहे.

आता एसी लावून बघा.